अंधारफेरी

आमच्या मुलीच्या पायाला लहानपणापासून भिंगरी, म्हणून नावही तेच पडलं. शाळेच्या हजेरीत दुसरं नाव होतं, पण हाक मारायला सगळ्यांना हेच सोपं. तिच्या बाबांना सगळे वायरमन म्हणतात, मला शिलाईवाल्या काकू. विद्यापीठाने आम्हाला कर्मचारी वस्तीत दोन खोल्या दिल्या आहेत. खिडकीतून वसतिगृह दिसतं. मी त्या खिडकीशी मशीन लावून बसते आणि पोरापोरींच्या पँटी आखूड करून देते.

पँट आखूड करून घ्यायला आलेला माणूस फार खरं बोलतो. एका जागी पाय न हलवता उभं राहायचं, खाली पायाशी टाचण्या तोंडात धरून एक बाई बसलेली. दुसरं करणार काय? त्यामुळे विद्यापीठाने पर्यावरणाच्या धोरणांबद्दल विद्यार्थ्यांची मतं मागवली, त्याच्या आधीच मला निकाल ठाऊक होता. झाडून सगळे बाजूने. "हवंच काकू, पृथ्वी राहिली तर आपण राहू." दुसऱ्या टाचणीला, "फक्त ती लिफ्ट बंद केली ना, ते जरा अति झालं." तिसऱ्या टाचणीला, "आणि सकाळी गरम पाणी नको का?" खालच्या मजल्यावरचा म्हणे लिफ्ट बंद करा, वरच्या मजल्यावरचा म्हणे गरम पाणी बंद करा, आणि जो रोज घरून येऊन-जाऊन करायचा तो म्हणे दोन्ही बंद करा. सगळ्यात जोरात घोषणा त्याच्याच.

मी हसायचे. भिंगरी हसायची नाही. तिला खरंच भीती वाटायची, हे मला सांगायलाच हवं, नाहीतर तुम्ही तिलाही त्या घोषणावाल्यांत धराल. शाळेत असताना एकदा ती जेवता जेवता थांबली आणि म्हणाली, "आई, मी तुझ्याएवढी होईन तेव्हा नळाला पाणी असेल?" मी म्हटलं, "असेल गं, तुझे बाबा पंप लावतील." तेवढ्याने तिचं समाधान झालं नाही. पुढे कित्येक दिवस ती अंघोळीला अर्धीच बादली घ्यायची. कुणाला दाखवायला नाही, दार लावून आत.

विद्यापीठात गेल्यावर ती पर्यावरण समितीत शिरली, आणि थोड्याच दिवसांत समिती म्हणजे तीच झाली. ठराव तिचाच: वसतिगृह, वाचनालय, सभागृह, तळघर, सगळीकडची बटणं काढायची आणि सेन्सर लावायचे. माणूस हलला की दिवा, माणूस थांबला की अंधार. ठराव मांडला मुलीने आणि शिडीवर चढून सेन्सर लावले बापाने. "माझ्या मुलीने काढलेलं काम आहे," असं ते शिडी धरणाऱ्याला सांगायचे. त्याने ऐकलं नाही तर पुन्हा सांगायचे. बापलेकीचं एकमत झालं की आमच्या घरात माझं कुणी ऐकत नाही. दोघेही हट्टी. खाण तशी माती.

सेन्सर आले आणि गंमत सुरू झाली. वाचनालयात पोरं पुस्तकात डोकं घालून बसली की दिवा समजायचा, खोलीत कुणी नाही. भप्पकन अंधार. मग त्यांनी आपापसात पाळी लावली. एकाने वाचायचं नाही, अधूनमधून हात उंच करून हलवायचा. त्याला सगळे हातवाला म्हणायचे आणि त्याच्या चहाची सोय बाकीच्यांनी करायची. नापास झालेला एक जण मला सांगत होता, "काकू, मी सगळं वर्ष हातवालाच होतो." सभागृहात तर त्याहून मजा. व्याख्यान रटाळ असलं की लोक चुळबुळ करायचे आणि दिवे चालू राहायचे. ते रंगलं की सगळे स्तब्ध, आणि अंधार. मग प्राध्यापक मंडळी एकमेकांना विचारू लागली, "काय, आज तुमच्याकडे अंधार पडला का?" अंधार पडला की खळखळून हसायचं आणि सगळ्यांनी मिळून हात वर करायचे, अशी तिथे पद्धतच पडली.

त्यात इमारती-इमारतींची चढाओढ लागली. समितीची पोरं दुपारी फेरीला निघायची. तिला नाव दिलं होतं अंधारफेरी. रिकाम्या खोलीत दिवा दिसला की त्या इमारतीची नाचक्की, अंधार दिसला की शाबासकी. दाराच्या काचेतून आत बघायचं, काळोख असला की हसायचं, काचेला अंगठा दाखवायचा आणि पुढे जायचं. जिन्यात फरशी पुसणाऱ्या बाईच्या डोक्यावरचा दिवा एकदा मध्येच गेला, ती पायरी चुकली आणि तिचा गुडघा फुटला. मी भिंगरीला म्हटलं, तर ती म्हणाली, "वाईट झालं गं. पण अपवादावरून धोरण ठरत नसतं, आई."

"तुझ्या अपवादाला चार टाके पडलेत," मी म्हटलं.

ती त्या बाईला भेटायला गेली, औषधही घेऊन गेली. जिन्यातला दिवा मात्र तसाच राहिला.

आता उंदरांचं सांगते. वसतिगृहाच्या तळघरात पंपघर आहे. तिथे उंदीर मुबलक. रिकाम्या पंपघरात दिवा दिवसभर लागायचा आणि विझायचा, कारण उंदीर काही समितीला विचारून हिंडत नाहीत. अंधारफेरीत वसतिगृह मागे पडायला लागलं. एक दिवस भिंगरी जेवताना म्हणाली, "बाबा, उंदरांमुळे आपण हरतोय."

"मग उंदीर कमी करू की सेन्सर?" ह्यांनी विचारलं आणि स्वतःच हसले. दुसऱ्या दिवशी खाली जाऊन त्यांनी सेन्सरचा बारीक खटका फिरवला. घरी आले ते हात चोळतच. "आता उंदरांनी बारसं केलं तरी दिवा लागणार नाही. माणूस आत चालत आला तरच लागेल." भिंगरीने ताटावरून उठून त्यांच्या पाठीत प्रेमाने गुद्दा घातला. त्या दिवशी आमच्या घरात फार आनंद होता.

परीक्षा जवळ आल्या होत्या तेव्हाची गोष्ट. हे जेवून पंप लावायला खाली गेले. पंप लावला की परत येताना माझ्या खिडकीशी थांबायचं, बाहेरूनच चहाचा कप घ्यायचा, हा त्यांचा रोजचा शिरस्ता. त्या दुपारी आले नाहीत. कुठे फ्यूज उडाला असेल, असं मी समजले आणि एका लग्नाच्या सुटाची बाही उसवत बसले. ऊन कलल्यावर वसतिगृहाच्या खिडक्यांतून ओरडा सुरू झाला. नळ कोरडे पडले होते. पोरं रिकाम्या बादल्या वाजवत होती. वायरमनच्या नावाने कुणी शिट्ट्याही मारल्या. शेवटी दारावरचा पहारेकरी खाली गेला. त्याने दार उघडून आत पाय टाकला, तेव्हा दिवा लागला. पंप आणि भिंतीच्या मधल्या जागेत हे पडले होते, तोंड दाराकडे, डोळे उघडे.

मेंदूत रक्ताची गुठळी अडकली होती. हॉस्पिटलमध्ये एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्या म्हणाल्या, "थोडं आधी आणलं असतं तर हात वाचला असता. बोलणंही बहुतेक राहिलं असतं." मी विचारलं, "थोडं म्हणजे किती?" त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आता तो विचार करू नका." त्या दिवसापासून मी दुसरा विचार केलेला नाही.

घरी आणलं तेव्हा उजवं अंग गेलेलं आणि वाचाही गेलेली. पहारेकऱ्याने सांगितलं होतं की डावा हात अंगाखाली चेपला होता, बोटं तेवढी बाहेर होती आणि ती हलत होती. मी त्यांची खुर्ची माझ्या मशीनशेजारी ठेवली. डाव्या हाताने ते कापडाचं टोक धरायचे आणि मी शिवायचे. ज्या माणसाने घरात कधी सुईत दोरा ओवला नाही, तो आता माझा मदतनीस. कधी कधी आम्ही त्यावर हसायचोही. रडून कापड भिजतं, दुसरं काही होत नाही.

भिंगरीने बापाची सेवा केली, त्यात खोट काढायला जागा नाही. भरवणं, पुसणं, मेलेल्या बोटांना एकेक करून व्यायाम देणं, सगळं. पण मी बघत होते. ती त्यांच्या समोर बसायची नाही. घास भरवायची तो बाजूला बसून. केस विंचरायची ते मागे उभी राहून. ते मान वळवून तिला शोधायचे आणि तिला तेवढ्यात पाणी आणायचं आठवायचं.

मग एकेक शब्द यायला लागले. पहिला आला "काच." मला वाटलं, कुठे काच पडली आहे. मी फरशी झाडली. ते मान हलवत राहिले. "काच. काच." काही दिवसांनी दुसरा शब्द आला, "ती." मी विचारलं, कोण ती? ते आतल्या खोलीच्या दाराकडे बघत राहिले. भिंगरी आत अभ्यास करत होती. माझ्या हातातली कात्री मी खाली ठेवली.

तिसरा शब्द यायला फार वेळ लागला. त्यांच्या कपाळावर घाम आला. मी म्हटलं, राहू द्या, उद्या सांगा. त्यांनी माझं मनगट धरलं आणि सांगितलंच.

"हसली."

मी तशीच उठले. शिवलेले पडदे द्यायचे आहेत, अशी थाप मारून वसतिगृहाच्या तळघरात गेले. बोळात पाऊल टाकलं तसा माझ्या डोक्यावर दिवा लागला. पंपघराचं दार बंद होतं. मी काचेला नाक लावलं. आतलं काही म्हणजे काही दिसेना. उजेडात उभ्या असलेल्या माणसाला अंधारातल्या खोलीची काच आपलंच तोंड दाखवते. मी माझंच सुरकुतलेलं, घामेजलेलं तोंड बघत उभी राहिले. मग दार उघडून आत गेले, पंपामागे जिथे हे पडले होते तिथे भिंतीला टेकून खाली बसले आणि हलले नाही. दिवा गेला. तेवढ्यात कुणीतरी विद्यार्थी बोळातून गेला. तो काचेतून मला इतका स्वच्छ दिसला की त्याच्या शर्टाचं तुटलेलं बटणसुद्धा दिसलं.

म्हणजे ह्यांनी तिला पाहिलं होतं. ती आली, काचेशी थांबली. हे बोटं हलवत होते, पण बोटं उंदराएवढी हलत होती, आणि उंदराएवढं हललेलं मोजायचं नाही असं ह्यांनीच ठरवून दिलेलं. तिला आत काळोख दिसला. ती हसली. अंगठाही दाखवला असेल. आणि पुढे गेली.

तिला ते दिसले नाहीत, यात तिचा काडीचा दोष नाही, हे मला तिथे बसूनच कळलं. पण ती त्या दारापर्यंत आली होती आणि हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. ताकाला जाऊन भांडं लपवावं तशी ती रोज बापाजवळ जात होती आणि तोंड लपवत होती. घरी आल्यावर ह्यांनी माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं, मी कुठे गेले होते ते. त्यांनी डावा तळहात माझ्या तोंडावर ठेवला आणि दाबला. सांगू नकोस, म्हणत होते. मी हात झटकला. मला त्या क्षणी दोघांचाही राग आला, आणि ज्याच्यावर राग काढावा असा तिसरा कुणी सापडेना.

तोंड दाबलं तरी मी गप्प बसणारी नाही. रात्रीच्या भाज्या चिरताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "त्या दुपारी फेरी कुणाची होती गं?"

तिची सुरी थांबली नाही. "वरच्या मजल्यांवर मी होते. तळघरात कुणी गेलंच नव्हतं."

"कुणीच नाही?"

"नाही म्हटलं ना, आई."

बाहेरच्या खोलीत हे खुर्चीत होते. भिंत पातळ आहे आमची. त्यांना सगळं ऐकू गेलं असणार.

इकडे कर्मचाऱ्यांनी मागणी लावून धरली की निदान तळघरात तरी बटणं परत बसवा. बटण असतं तर वायरमनने आत जाताना दिवा लावला असता, तो चालू राहिला असता, येणाऱ्या-जाणाऱ्याने काचेतून बघितलं असतं. एवढी साधी गोष्ट. पण समितीला वाटलं, आज तळघर, उद्या वाचनालय, परवा सगळंच पूर्वीसारखं. विद्यापीठाने खुली सभा ठेवली. विद्यार्थी, कर्मचारी, सगळ्यांना मत. समितीचा अध्यक्ष, ज्याला सगळे चष्मिस म्हणतात, आमच्या घरी आला. पोरगा वाईट नाही. ह्यांच्या खुर्चीशी उकिडवा बसून त्याने विचारपूस केली. मग भिंगरीला म्हणाला, "तुझ्याच घरात हे झालंय. तू बोललीस तर कुणाला पुढे बोलायला जागा राहणार नाही."

मला वाटलं ती नाही म्हणेल. ती म्हणाली, "बोलते."

मी रागाने मशीन इतकी जोरात चालवली की सुई मोडली. ह्यांनी मात्र सभेच्या दिवशी सकाळपासून हट्ट धरला. शर्टाकडे बोट, दाराकडे बोट. मुलगी बोलणार आहे म्हटल्यावर ह्यांना जायचंच होतं. मी दाढी करून दिली, इस्त्रीचा शर्ट चढवला आणि चाकाची खुर्ची ढकलत सभागृहात नेली. रांगेच्या टोकाला, मधल्या वाटेत, आम्हाला जागा करून दिली. लोक वळून बघत होते, मग बघितलं नाही असं दाखवत होते.

आधी बरीच भाषणं झाली. एक मुलगी म्हणाली, आपल्यामागून येणाऱ्यांचा विचार कोण करणार? खरं बोलत होती. एक मुलगा म्हणाला, कर्मचाऱ्यांना बदल नकोच असतो. त्याची पँट मीच शिवली होती. पुढच्या वेळी एक पाय आखूड करीन, असं मी मनात ठरवलं. पहारेकरी उठून म्हणाला, "मी दार उघडलं तेव्हा त्यांचे डोळे उघडे होते, एवढंच मला सांगायचंय," आणि खाली बसला. मागच्या बाकांवर पोरं फोनमध्ये बघत होती. सगळे चुळबुळत होते, म्हणून दिवे लख्ख होते.

मग भिंगरी उठली. तिने माईक खाली ओढला. आमच्याकडे बघितलं नाही.

"वायरमन माझे बाबा आहेत," ती म्हणाली. चुळबुळ थांबली. ती सांगत गेली, लहानपणी तिला पाण्याची कशी भीती वाटायची, बाबांनी एकेक सेन्सर कसा लावला, शिडीवरून तिला कशी हाक मारायचे. चांगलं बोलत होती. मग तिने एक श्वास घेतला.

"त्या दुपारी तळघरात कुणी गेलंच नव्हतं. बटण असतं, दिवा लागलेला असता, तरी तो बघायला तिथे कुणी नव्हतं. म्हणून माझं म्हणणं आहे, बाबांना जे झालं ते अंधारामुळे झालं नाही."

एकही माणूस हलला नाही. आणि दिवे गेले.

एरवी अशा वेळी हशा पिकतो, पटापट हात वर होतात. त्या दिवशी कुणी हसलं नाही. एक मुलगी आपल्या बापाबद्दल बोलत असताना आपण मध्येच हात हलवायचा कसा, या संकोचाने सगळे तसेच बसून राहिले. मीही. अंधारात तिचा माईकमधला श्वास तेवढा ऐकू येत होता. तो जोरात चालला होता.

मग दिवे लागले.

ह्यांनी हात वर केला होता. डावा, खांद्यापासून सरळ, पंजा उघडा. तो त्यांनी हलवला, पुन्हा हलवला, वाचनालयातल्या हातवाल्यासारखा. कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या. लोकांना वाटलं, बाप मुलीला शाबासकी देतोय. काही जण तर उभे राहिले.

भिंगरी त्या हाताकडे बघत होती. त्या दुपारनंतर तिने पहिल्यांदा बापाच्या डोळ्यांत बघितलं. त्या डोळ्यांत राग नव्हता, मी शेजारीच होते, मला दिसत होतं. तो माणूस नुसता हात हलवत होता. मी इथे आहे, एवढंच.

टाळ्या विरल्या तरी ती माईकशीच होती. "गेले होते," ती म्हणाली. कुणाला कळलं नाही. चष्मिसने तिच्या दंडाला हात लावला. तिने तो काढला. "मी गेले होते. त्या दाराशी मी होते. काचेतून बघितलं. आत अंधार होता." मग आवाज इतका खाली गेला की पुढच्या रांगांनाच ऐकू आलं असेल. "मला बरं वाटलं."

इतके दिवस मला हेच हवं होतं, तिने सांगावं. आता तिने सांगितलं, तर मला धावत जाऊन तिच्या तोंडावर हात ठेवावासा वाटला.

सभेत कुजबुज झाली. चष्मिसने माईक आपल्याकडे घेतला. तो पांढरा पडला होता, पण सभा चालवायची सवय त्याला सांभाळून नेत होती. "आपण तिच्या प्रामाणिकपणाचा आदर करू या," तो म्हणाला. "फार दुःखद आहे हे. पण अपवादावरून धोरण ठरत नसतं, हे तिनेच आपल्याला शिकवलंय." भिंगरीने त्याच्याकडे बघितलं. आपलंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना माणूस कसा दिसतो ते मी त्या दिवशी पाहिलं. कुणालाही तसं बघायची वेळ येऊ नये.

"सेन्सर आहेत तसेच ठेवावेत, याच्या बाजूने असतील त्यांनी हात वर करा."

हात वर झाले. आधी थोडे, मग शेजारच्याचा बघून शेजारच्याने. माझ्याकडे पँट शिवून घेणारे कितीतरी हात मी ओळखले. काही डोळे पुसत होते आणि दुसरा हात वर होता. खोटं कुणीच नव्हतं. त्यांना वाईटही वाटत होतं आणि सेन्सरही हवे होते.

हात मोजणारी मुलगी आमच्या रांगेशी आली. ह्यांचा हात अजून वरच होता. तिने मला हळूच विचारलं, "काकांचं मत बाजूने ना?"

"ते मत नाही," मी म्हटलं आणि तो हात खाली ओढला. ह्यांनी तो माझ्या मुठीतून सोडवून घेतला आणि पुन्हा वर केला. नजर समोर. मी पुन्हा ओढला. पुन्हा वर. मुलगी गोंधळली, तिने एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि हात मोजून पुढे गेली. ठराव पास झाला. पंपघराला बटण आजही नाही. नवा वायरमन खाली जातो तेव्हा दाराला वीट लावून दार उघडं ठेवतो.

लोक उठले. खुर्च्यांचे आवाज झाले. जाता जाता काहींनी ह्यांच्या खांद्यावर थोपटलं, एकाने त्यांच्या उंच केलेल्या पंजाला टाळीसुद्धा दिली. हे कुणाकडे बघत नव्हते. हात कापायला लागला होता, शर्टाची बाही घसरून कोपरापर्यंत आली होती, पण ते तो खाली घेईनात. "पुरे आता," मी म्हटलं. "चला घरी." मला रडू येत होतं आणि त्यांच्या हट्टाचा रागही येत होता.

भिंगरी व्यासपीठावरून उतरली. गर्दी उलटी येत होती, तिच्यातून ती हळूहळू वाट काढत आली. आमच्या रांगेशी थांबली. मला वाटलं, नेहमीसारखी खुर्चीच्या मागे जाईल, मुठी धरेल आणि ढकलायला लागेल. ती मागे गेली नाही. बापाच्या पुढ्यात येऊन उभी राहिली आणि त्यांच्याकडे नीट बघितलं.

तेव्हा कुठे ह्यांनी हात खाली घेतला.